मंडळाचा ट्रॅक्टर आणि माझा स्टार्टर

स्टार्टर परत आला तो गोणपाटात गुंडाळून. आमच्या गणपती मंडळाच्या दोन कार्यकर्त्यांनी तो माझ्या दुकानाच्या पायरीवर ठेवला, माझ्याकडे न बघताच "मावशी, चालत नाही म्हणून सेक्रेटरींनी परत पाठवलाय" असं म्हणाले आणि मी काही विचारायच्या आत गल्लीच्या तोंडाशी पोचलेसुद्धा. रविवार होता, सकाळचे नऊ. समोरच्या पिठाच्या गिरणीत तीन बायका डबे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं. आमच्या गल्लीत एखादी गोष्ट तीन बायकांनी पाहिली की ती पेपरात छापून आली असं समजायचं.

माझं दुकान लालबागमध्ये, आठ बाय दहाचा गाळा. गाड्यांचे स्टार्टर, म्हणजे इंजिनला पहिला झटका देणाऱ्या मोटरी, आणि डायनॅमो भरून देणं हा धंदा. भरणं म्हणजे आतली जळलेली तांब्याची तार उसवून काढायची आणि नवी गुंडाळायची. वडील कापडगिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी हा गाळा घेतला आणि मी दहावी झाल्यापासून त्यांच्यासोबत बसायला लागले. आज मला अठ्ठावन्न पूर्ण झाली. वडील जाऊन अकरा वर्षं झाली, पण दुकानाला अजून सगळे 'बाबांचं दुकान' म्हणतात आणि मला 'बाबांची मुलगी' किंवा मावशी. मी कधी त्याला हरकत घेतली नव्हती.

गोणपाट सोडलं आणि स्टार्टर उचलून आत नेला. मंडळाच्या ट्रॅक्टरचा हा स्टार्टर मी महिन्यापूर्वीच उघडून दुरुस्त केला होता. फील्ड कॉइल भरल्या, चारही ब्रश बदलले, बुश नवे टाकले. नीट केलं होतं की नाही हे मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती, तरी शंका नको म्हणून शिकंज्यात पकडला, बॅटरीच्या दोन जाड वायरी लावल्या. स्टार्टर असा गर्जला की गिरणीतल्या तिन्ही बायका मागे वळल्या. पुन्हा लावल्या, पुन्हा गर्जला. पाच वेळा केलं. चार वेळा परीक्षा म्हणून आणि पाचव्यांदा निव्वळ राग म्हणून.

मग तो परत गोणपाटात घातला, पिशवीत मीटर, दोन पाने, पॉलिश पेपर आणि एक जाड जोडवायर टाकली, शटर खाली ओढलं आणि स्टार्टर कमरेवर घेऊन निघाले. वाटेत दोघातिघांनी "द्या मावशी, मी घेतो" म्हटलं. मी दिला नाही. ज्याला खोटा ठरवून पाठवलं होतं तो माझ्याच कमरेवर परत जायला हवा होता.

मंडळाचा ट्रॅक्टर म्हणजे गंमतच आहे. साताऱ्याकडच्या कुठल्याशा शेतात त्याने आयुष्य काढलं आणि म्हातारपणी तो आमच्या चाळींच्या पटांगणात आला, गणपतीची ट्रॉली ओढायला. मोठ्या मूर्तीला ट्रकचे हिसके सोसत नाहीत. ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये इतका सावकाश आणि एकसारखा सरकतो की मूर्तीच्या हातातलं फूलसुद्धा हलत नाही. म्हणून आमच्या भागातली पोरं त्याच्यावर जीव टाकतात. दर श्रावणात त्याला आंघोळ, रंगरंगोटी, बॉनेटवर कमळ. बाप्पाला ओढणाऱ्या गाडीवर गंजाचा ठिपकासुद्धा दिसता कामा नये, असा मंडळाचा नेमच आहे.

पटांगणात पोचले तेव्हा ट्रॅक्टर नव्या भगव्या रंगात चमकत उभा होता आणि त्याच्याभोवती दहाबारा माणसं सुतकी चेहऱ्याने. मंडळाचा सेक्रेटरी पुढे आला. पस्तिशीचा मुलगा, लोअर परळला कुठल्याशा काचेच्या ऑफिसात नोकरी, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्याला मी चड्डीत फिरताना पाहिलंय.

"मावशी, तुम्ही कशाला त्रास घेतला? आम्ही डिसाइड केलंय. दुपारी भंगारवाला येतोय, ट्रॅक्टर देऊन टाकू. या वर्षीपासून ट्रक भाड्याने."

"का?"

"आता काय सांगू? बॅटरी नवीन टाकली, तरी उचलत नाही. हे भायखळ्याहून मिस्त्री बोलावले. ते म्हणतात, स्टार्टर गेला. याचे पार्ट मिळत नाहीत, परत परत किती खर्च करायचा?"

भायखळ्याचा मिस्त्री मडगार्डला टेकून पान चघळत होता. मोठ्या गॅरेजचा माणूस, आब राखून बोलणारा. "देखो ताई," तो म्हणाला, "लाइट जलता है, हॉर्न बजता है. मतलब वायरिंग ठीक. बॅटरी नई. फिर बचा क्या? आपका स्टार्टर."

सगळ्यांनी माना हलवल्या. हिशेब ऐकायला अगदी बरोबर होता, आणि याच हिशेबाने निम्म्या मुंबईतले धडधाकट स्टार्टर भंगारात जातात.

मी काही बोलणार इतक्यात सेक्रेटरीने मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून, अगदी मायेने म्हणाला, "मावशी, राग मानू नका. पण बाबा असते ना, तर ही वेळ आली नसती. त्यांचा हात वेगळाच होता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचं कारण त्या मुलाला माहीत असणं शक्य नव्हतं, तेव्हा इथे लिहून टाकते. वडिलांचा हात शेवटची नऊ वर्षं थरथरत होता. आधी बशीतला चहा सांडायचा, मग स्क्रू धरता येईना. तारेचं काम तर दूरच राहिलं. ते दुकानाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायचे, गिऱ्हाइकाशी बोलायचे, आवाज ऐकून रोग सांगायचे, आणि पडद्यामागे बसून मी भरायचे. लोक येऊन त्यांना म्हणायचे, "बाबा, काय काम केलंत!" ते हसून मान डोलवायचे. संध्याकाळी शटर ओढताना मात्र ते माझी बोटं हातात घेऊन बघायचे. याच ट्रॅक्टरचा डायनॅमो, ज्याची तारीफ मंडळाची जुनी माणसं अजून करतात, तोही त्याच काळातला. म्हणजे माझा. वडिलांचा मान राहावा म्हणून मी कधी बोलले नाही. ते गेल्यावर वाटलं, आता बोलून काय मिळवायचं? त्या सकाळी पटांगणात उभं राहून पहिल्यांदा वाटलं की मी चूक केली. नऊ वर्षांचं चांगलं काम त्यांच्या खात्यावर आणि हे एक न चालणारं तेवढं माझ्या.

"भंगारवाला किती वाजता येणार?" मी विचारलं.

"एकला."

"मग अजून तीन तास आहेत. स्टार्टर बसवा."

मिस्त्री हसला. सेक्रेटरीने घड्याळ पाहिलं. पण ट्रॅक्टरवर एक माणूस आधीच बसलेला होता, आमचा ड्रायव्हर. सत्तरी उलटलेला मालवणी म्हातारा, ट्रॅक्टर आला तेव्हापासून त्याच्या हातात. तो वरूनच ओरडला, "बसवा रे तो! ती सांगता ता आयका. माका या ट्रॅक्टराबरोबर भंगारात घालतल्यात काय?" आणि त्याच्या ओरडण्यामुळे दोन पोरं मुकाट्याने पाने घेऊन वाकली.

स्टार्टर बसला. मी म्हटलं, "काका, बटण दाबा." त्यांनी दाबलं. 'कट' असा एकच आवाज आला, पुढचे दिवे मिणमिणले आणि सगळं शांत. मिस्त्रीने माझ्याकडे बघून दोन्ही हात पसरले.

मी मीटर काढला. बॅटरीच्या दोन खुंट्यांवर त्याच्या दोन सुया टेकवल्या आणि म्हटलं, "पुन्हा." कट. मीटरवर साडेबारा व्होल्ट होते, ते जेमतेम सव्वाबारावर आले. बस्स. मला तिथेच कळलं आणि मला तिथेच हसू फुटलं. कारण स्टार्टर खरंच जळलेला किंवा अडकलेला असता तर त्याने बॅटरीचा घास घेतला असता, काटा दहाच्या खाली कोसळला असता. इथे बॅटरी आरामात होती. म्हणजे तिच्याकडून कोणी काही घेतच नव्हतं. वाट कुठेतरी तुंबली होती.

ट्रॅक्टरमध्ये वीज बॅटरीच्या एका खुंटीतून जाड वायरीने स्टार्टरकडे जाते आणि परत येताना ट्रॅक्टरच्या लोखंडी अंगातूनच येते. त्या अंगातून बॅटरीच्या दुसऱ्या खुंटीपर्यंत तिला आणायला तांब्याची विणलेली एक पट्टी असते. तिला अर्थची पट्टी म्हणतात. जाण्याची वाट सगळे तपासतात. येण्याची कोणी बघत नाही, कारण ती दिसायला वायरीसारखी दिसत नाही. मी मीटरची एक सुई बॅटरीच्या त्या दुसऱ्या खुंटीवर ठेवली आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर. या दोघांत अर्धा व्होल्टही दिसता कामा नये. काकांनी बटण दाबलं आणि मीटरने साडेदहा दाखवले.

मी अर्थच्या पट्टीवरून बोट फिरवत खाली गेले. चॅसीला, म्हणजे ट्रॅक्टरच्या सांगाड्याला, ती जिथे बोल्टने आवळलेली होती तिथे हात लावला, तर बोल्ट कोमट. पाना लावून सोडवला. पट्टीखाली चॅसीवर भगवा रंग होता, गुळगुळीत आणि झगझगीत. पट्टीच्या टोकालाही रंग आणि वॉशरलाही.

"रंग कोणी लावला?"

चार पोरं अभिमानाने पुढे आली. त्यातला एक म्हणाला, "आम्ही, मावशी! दर वर्षी नुसता वरून मारतात. या वर्षी तुमचा स्टार्टर बसवून झाल्यावर आम्ही सगळं खोललं. बॅटरीची पेटी काढली, ही पट्टी काढली, खालचा गंज घासला, प्रायमर मारला, वर दोन हात दिले. मग परत फिट केलं. एक ठिपका सोडला नाही!"

मला त्यांचा राग येईना. इतकं मन लावून कोणी काम बिघडवलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांतून जेवढी झिरपत होती तेवढ्यावर दिवे लागत होते, हॉर्न वाजत होता. पण स्टार्टरला दिव्याच्या कैक पटींनी वीज लागते, ती त्या चिमटीएवढ्या वाटेतून कशी येणार? 'दिवे लागतात म्हणजे वायरिंग ठीक' हे भल्याभल्यांना फसवतं ते असंच.

मी चॅसीवर रुपयाएवढी जागा घासली, लोखंड पांढरं चकचकीत होईपर्यंत. पट्टीचं टोक घासलं, वॉशर घासला, बोल्ट आवळला. काकांकडे बघून मान हलवली. त्यांनी बटण दाबलं आणि ट्रॅक्टर पहिल्याच झटक्याला सुरू झाला. काळ्या धुराचा एक लोट उठला, गॅलऱ्यांतून माणसं बाहेर आली, कोणीतरी "गणपती बाप्पा" ओरडलं आणि अख्ख्या पटांगणाने "मोरया" म्हटलं. एकाने नारळसुद्धा फोडला.

मी कपाळावरचा घाम पुसत होते, तेवढ्यात मिस्त्रीचा आवाज आला. "कभी कभी हो जाता है. खराब स्टार्टर भी एकाध बार उठा लेता है."

आणि सेक्रेटरी म्हणाला, "बाप्पाची कृपा! पण मावशी, मिरवणुकीत भर रस्त्यात बंद पडला तर? मागे मूर्ती, हजार माणसं. रिस्क नको. भंगारवाल्याला येऊ दे."

ट्रॅक्टर डोळ्यांसमोर धडधडत होता आणि तरी माझा स्टार्टर खराबच होता. श्रेय बाप्पाला आणि संशय मला. मी पुढे गेले, स्टॉपची दांडी ओढली आणि ट्रॅक्टर बंद केला.

"मावशी, हे काय?"

"इकडे ये," मी सेक्रेटरीला म्हटलं. "हा पाना घे. तो बोल्ट काढ."

"मी?"

"तूच. मी केलं की कृपा होते. तू कर."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. सगळं पटांगण त्याच्याकडे बघत होतं. तो उकिडवा बसला. पांढऱ्या शर्टाची बाही वर सरकवून त्याने बोल्ट काढला. मी घासलेल्या जागेशेजारीच चॅसीला आणखी एक भोक होतं, त्याच्यावरचा रंग शाबूत होता. "पट्टी तिथे लाव. आणि बॅटरीच्या पेटीचा हा रंगवलेला वॉशर घे. घट्ट आवळ, अजून घट्ट. काका, दाबा."

कट.

"आता पुन्हा काढ, घासलेल्या जागी लाव. घासलेला वॉशर घे."

त्याने लावली. काकांनी दाबलं. ट्रॅक्टर सुरू झाला. मी दांडी ओढून बंद केला.

"पुन्हा."

"मावशी, समजलं मला."

"तुला समजलं. मिस्त्रींना समजायचंय."

तीन वेळा करायला लावलं. रंगावर तिन्ही वेळा कट, लोखंडावर तिन्ही वेळा सुरू. तिसऱ्या वेळी रंगवालं 'कट' वाजलं तेव्हा गॅलरीतल्या बायका हसायला लागल्या. मिस्त्रीने पान थुंकलं, जवळ येऊन स्वतः वाकून ती घासलेली जागा पाहिली आणि म्हणाला, "अर्थ. मेरे ध्यान में ही नहीं आया." एवढं म्हणायला तो कचरला नाही, हे मी त्याच्या बाजूने नोंदवून ठेवते.

सेक्रेटरी उठला. शर्टाच्या पोटावर ग्रीसचा पंजा उमटला होता. त्याने खिशातून मोबाइल काढला, भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं आणि माझ्यासमोर हात जोडले. "चुकलं मावशी. चतुर्थीच्या दिवशी स्टेजवर तुमचा सत्कार करतो. शाल, श्रीफळ, सगळं. बाबांच्या लेकीचा सत्कार."

त्या दिवशी मला शाल नको होती. आमच्या घरात वडिलांना मिळालेल्या शाली अजून कपाटात आहेत, त्यातल्या बऱ्याच त्या नऊ वर्षांतल्या आहेत.

"सत्कार राहू दे," मी म्हटलं. "मी स्टार्टर खराब केला म्हणून एवढे दिवस कुठे कुठे बोललात ते मला ठाऊक नाही. त्या सगळ्यांना मी कुठे शोधत फिरू? तो तुमचा फळा आहे ना, येणारेजाणारे सगळे वाचतात. त्यावर लिही. तुझ्या हाताने लिही."

मंडळाच्या कचेरीबाहेरच्या काळ्या फळ्यावर सभेची सूचना होती. त्याने ती पुसली. खडू घेतला. "काय लिहू?"

"स्टार्टर कोणी केला ते लिही. त्यात दोष नव्हता, हे लिही. दोष मंडळाच्या रंगकामात होता, हे लिही."

मागे सगळे गोळा झाले होते. त्याने वर मोठ्या अक्षरात 'जाहीर सूचना' लिहिलं, खाली रेघ ओढली. मग लिहिलं, 'आपल्या ट्रॅक्टरचा स्टार्टर श्रीमती'. आणि तिथे त्याचा हात थांबला. खडू फळ्याला टेकलेला तसाच राहिला. तो वळला. त्याचे कान लाल झाले होते.

"मावशी... तुमचं नाव काय?"

त्याने मित्रांकडे पाहिलं. त्यांनी एकमेकांकडे. मी ड्रायव्हर काकांकडे पाहिलं, चाळीस वर्षांची ओळख. त्यांनी मान खाली घातली. गॅलरीतून कोणीतरी "बाबांची मुलगी लिही की" असं सुचवलं, त्याला कोणीतरी दटावलं.

मला रडू येईल असं क्षणभर वाटलं. आलं नाही. मी एक पाऊल पुढे झाले आणि आवाज चढवून, वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं माझं नाव सांगितलं. आधी माझं, मग आडनाव. वडिलांचं मधे घातलं नाही. तो लिहायला लागला, आणि शेवटचं अक्षर पुरं होईपर्यंत मी तिथेच उभी राहिले.